हुकूम पाळणाऱ्याच्या बाजूने: कादंबरीतील सत्ता आणि नियंत्रण

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. एम. ए.च्या लघुप्रबंधासाठी तुम्ही पूर्व विदर्भातील एका घराण्याची कादंबरी निवडली आहे आणि ‘सत्ता व नियंत्रण’ हा तिच्यातील कल्पनाबंध (मोटिफ, म्हणजे पुन्हा पुन्हा येणारी अर्थपूर्ण खूण) तुम्हाला मांडायचा आहे. तुमच्या वर्गातील एकाने आक्षेप घेतला की, या कादंबरीत मंत्री नाही, हुकूमशहा नाही, पोलीससुद्धा एकदाच येतो आणि चहा पिऊन जातो. तेव्हा सत्तेवर लिहायचे असेल तर राजकीय कादंबरीच घ्यायला हवी. त्यामुळे तुम्ही विचारता आहात की, सत्ता हा कल्पनाबंध ओळखावा कसा, तो आशयसूत्रापासून (थीमपासून) वेगळा कसा काढावा आणि प्रबंधात मांडावा कसा.

कादंबरी बदलू नका, हे माझे उत्तर. त्याची कारणे पुढे देतो.

नागपुरात पदव्युत्तर वर्गांना कादंबरी शिकवताना आणि प्रबंध तपासताना एक गोष्ट मला वारंवार दिसत आली आहे. सत्तेवर लिहिणारा विद्यार्थी सत्ताधाऱ्याच्या मागे लागतो. त्याची भाषणे, त्याचे क्रौर्य, त्याचा वाडा, त्याची मोटार यांच्या तो नोंदी करत जातो आणि शेवटी ‘अमुक पात्र सत्तालोलुप आहे’ या निष्कर्षाला येतो, जो कादंबरीच्या मलपृष्ठावर आधीच छापलेला असतो. माझे म्हणणे असे आहे की, कादंबरीत सत्ता शोधायची असेल तर हुकूम देणाऱ्याकडे कमी आणि तो पाळणाऱ्याकडे जास्त पाहावे. त्यातही जिथे हुकूम दिलाच गेलेला नाही आणि तरीही तो पाळला गेला आहे, ती जागा सर्वांत मोलाची समजावी. हा विचार जुना आहे. सोळाव्या शतकातील फ्रेंच लेखक एत्येन द ला बोएसी याने ऐन तारुण्यात लिहिलेल्या निबंधात विचारले होते की, ज्याला दोनच डोळे आणि दोनच हात आहेत अशा एका माणसाला पाळत ठेवायला इतके डोळे आणि मारायला इतके हात पुरवतो कोण? पुढे मॅक्स वेबर यांनी लोक आज्ञा का मानतात याची तीन कारणे सांगितली: परंपरा, व्यक्तीचा करिष्मा आणि कायदा. विचारवंत हे प्रश्न एकदा विचारतो आणि उत्तराकडे वळतो, तर कादंबरीकाराला तेच प्रश्न दर प्रकरणात, दर वेळी वेगळ्या माणसाच्या अंगावर, जिवंत करून दाखवावे लागतात.

आशयसूत्र आणि कल्पनाबंध यांतील फरकावर फार पाने घालवू नका. आशयसूत्र एका वाक्यात सांगता येते. कल्पनाबंध मात्र पान आणि ओळ दाखवून, त्यावर बोट ठेवून सिद्ध करावा लागतो. ‘सत्ता’ हा शब्द स्वतः अमूर्त आहे, त्यामुळे नुसती सत्ता कल्पनाबंध होऊ शकत नाही. ती किल्ल्यांच्या जुडग्यात, हजेरीच्या वहीत, पंगतीच्या क्रमात, दाराबाहेर काढलेल्या चपलांत उतरली आणि पुन्हा पुन्हा समोर आली म्हणजे कल्पनाबंध तयार होतो. आणखी एक अट आहे. दर वेळी समोर येताना तिचा अर्थ थोडा तरी सरकलेला असला पाहिजे. दहा वेळा आलेली छडी दहाही वेळा ‘मास्तर कडक आहेत’ एवढेच सांगत असेल, तर ती नेपथ्यातील एक वस्तू आहे. तिच्यावर प्रकरण लिहू नये.

हे उदाहरणाने दाखवतो. खालील कथानक कोणत्याही छापील कादंबरीतील नाही, वर्गात दाखवण्यासाठी मी रचलेले आहे. पण तुमच्या कादंबरीच्या प्रदेशाशी ते जुळेल असे पाहिले आहे.

भंडारा जिल्ह्यातील एका मालगुजाराच्या, म्हणजे सारा गोळा करणाऱ्या गावमालकाच्या, वाड्याच्या ओसरीवर सागवानी बंगई, म्हणजे झोपाळा, टांगलेली आहे. पहिल्या प्रकरणात मालगुजार तिच्यावर बसून पान लावतो आहे आणि कुळे अंगणात उभी आहेत. लेखक त्याच्या तोंडी ‘उभे राहा’ असे घालत नाही, कारण बसण्यासारखे तिथे दुसरे काही ठेवलेलेच नाही. सहाव्या प्रकरणात मालगुजार तालुक्याच्या गावी गेला असताना थोरला मुलगा बंगईवर आडवा होतो, मुनीमजी हिशेबाची वही घेऊन त्याच्यापुढे तसेच उभे राहतात जसे बापापुढे राहतात, आणि फाटकाची कडी वाजताच मुलगा इतक्या घाईने उठतो की रिकामी बंगई हलत राहते. म्हातारा काही बोलत नाही. तो हलणारी बंगई हाताने थांबवतो आणि मग बसतो. दहाव्या प्रकरणात १९५१ साल उजाडले आहे, मालगुजारी गेली आहे. म्हातारा रोजच्यासारखा बंगईवर बसतो, पण सकाळी कामाला निघालेली माणसे अंगणात न वळता सरळ पटवाऱ्याकडे जातात आणि तो त्यांच्या पाठी पाहत राहतो. चौदाव्या प्रकरणात वाडा बंद आहे, मुले नागपूरला धंतोलीत राहायला गेली आहेत, बंगई कड्यांवरून उतरवून माळ्यावर टाकली आहे. तरीही वाड्यासमोरून जाताना म्हातारा सालदार, म्हणजे तिथे सालाच्या बोलीने राबलेला गडी, चपला काढून हातात घेतो. नातू विचारतो, ‘आबा, आत तं कोनीच नाही, मंग चपला काहून काढता?’ सालदाराला उत्तर सुचत नाही आणि तो नातवावरच खेकसतो.

आता या चार जागा वाचा. पहिल्या जागी सत्ता ही बसण्या-उभे राहण्याची साधी रीत आहे, आणि ती इतकी मुरलेली आहे की कोणाला ती दिसतही नाही. दुसऱ्या जागी खरे पाहण्यासारखे पात्र मुनीमजींचे आहे. मुलगा बंगईवर बसला म्हणून मालक झालेला नाही, हे मुनीमजींना ठाऊक आहे, तरीही ते उभे राहतात; म्हणजे त्यांचा नमस्कार माणसाला कमी आणि जागेला जास्त आहे. मुलाने घाईने उठून बापाचा हक्क मान्य केला आणि बापाने हलणारी बंगई थांबवून तो वसूल केला, एकही शब्द न बोलता. तिसऱ्या जागी सत्ताधारी तोच आहे, बंगई तीच आहे, फक्त पाळणारे निघून गेले आहेत. आणि चौथ्या जागी सत्ताधारी नाही, बंगई नाही, पाळणारा मात्र उरला आहे. तुमचे प्रकरण या चौथ्या जागेवर उभे राहू शकते. कच्चा लेखक असता तर त्याने सालदाराच्या नातवाकडून बंगई जाळून घेतली असती आणि टाळ्या मिळवल्या असत्या. पण मग सत्ता वस्तूबरोबर जळून जाते असे वाचकाला वाटले असते, आणि ते खरे नाही.

इथे इतिहासाचा आधार थोडा घ्यावा लागतो, कारण विदर्भातील घराण्यांच्या कादंबऱ्या त्याशिवाय अर्ध्याच कळतात. नागपूर, वर्धा, भंडारा आणि तेव्हाचा चांदा या भागांत इंग्रजी राजवटीत मालगुजारी पद्धत होती. मालगुजाराने गावाचा सारा गोळा करून सरकारात भरायचा आणि त्या बदल्यात गावचा मालक म्हणून मिरवायचे. शेजारच्या वऱ्हाडात मात्र रयतवारी होती, म्हणजे सरकार सारा थेट शेतकऱ्याकडून घेई, त्यामुळे तिथल्या कादंबरीत जमीनदार आला तरी त्याचे वजन वेगळे असते, आणि दोन्ही भागांना ‘विदर्भातील सरंजामशाही’ असे एकच लेबल चिकटवणे चुकीचे ठरते. मध्य प्रदेश सरकारच्या १९५० च्या कायद्याने हे मालकी हक्क रद्द झाले आणि ३१ मार्च १९५१ पासून गावे सरकारकडे आली. नागपूर तेव्हा त्या राज्याची राजधानी होते. परंतु मालगुजारांच्या घरच्या वहितीतील सीर आणि खुदकाश्त जमिनी त्यांच्याकडेच राहिल्या. गावतलाव सरकारचे झाले, आणि आजही त्यांना माजी मालगुजारी तलाव, बोलण्यात ‘मामा तलाव’, म्हणतात.

तुमच्या शीर्षकातील दोन शब्द वेगळे का ठेवायचे, ते या इतिहासातून चांगले दिसते. सत्ता म्हणजे लोकांनी मान्य केलेला हक्क; नियंत्रण म्हणजे रोजचा हातात असलेला कारभार, म्हणजे धान्य कोण मोजतो, उसने कोण देतो, धानाला पाणी कधी सोडायचे हे कोण ठरवतो. १९५१ मध्ये सत्ता कागदोपत्री एका दिवसात गेली, पण ज्याच्याकडे जमीन, बैल आणि कोठारातले धान शिल्लक होते त्याचे नियंत्रण बरीच वर्षे टिकले. उलटही घडते: एखाद्या घरात आजोबांची सत्ता शेवटपर्यंत अबाधित असते, सगळे त्यांना विचारूनच पाऊल टाकतात, आणि नियंत्रण मात्र कधीच धाकट्या सुनेच्या कमरेच्या किल्ल्यांत गेलेले असते. चांगल्या कौटुंबिक कादंबरीचे निम्मे नाट्य या दोन गोष्टींमधल्या फटीतून जन्मते. तुमच्या कादंबरीत ही फट कोणत्या पानावर पडते आणि कोणत्या पात्राला ती सर्वांत आधी दिसते, हे शोधा. ते सापडले की प्रबंधाचा कणा सापडला असे समजा.

मराठी कादंबरीला हा विषय परका नाही. हरी नारायण आपटे यांची ‘पण लक्षात कोण घेतो?’ ही कादंबरी १८९० पासून ‘करमणूक’ साप्ताहिकातून क्रमशः येऊ लागली. तिची निवेदक यमू हीच आहे, आणि विधवा झाल्यावर तिचे बळजबरीने केशवपन होते. त्या प्रसंगात राजसत्तेचा कोणी प्रतिनिधी नाही. परंपरेचा हुकूम घरातलीच माणसे बजावतात आणि त्यांच्या दृष्टीने ती क्रूर नसतात, कर्तव्य करत असतात. म्हणून तो प्रसंग आजही अंगावर येतो. परंतु प्रबंधाच्या दृष्टीने मला त्याहून महत्त्वाची वाटते ती निवेदनाची रचना. जिच्या शरीरावर, शिक्षणावर, घराबाहेर पडण्यावर दुसऱ्यांचे नियंत्रण आहे, तिच्याच हातात कथा सांगण्याचे नियंत्रण दिलेले आहे. घरात तिचे कोणी ऐकत नाही आणि कादंबरीत तिच्याशिवाय कोणाचेच ऐकू येत नाही. हा उलटा न्याय आपट्यांनी कथानकात सांगितलेला नाही, रचनेत घडवला आहे. तेव्हा तुमच्या कादंबरीत निवेदक कोण आहे, त्याला कोणाच्या मनात शिरण्याची परवानगी आहे आणि कोणाच्या मनाबाहेर त्याला थांबवले आहे, याचा तक्ता करा. पूर्ण कादंबरीत सालदाराच्या मनात निवेदक एकदाही गेला नसेल, तर ते लेखकाचे अज्ञान आहे की हेतू, हा प्रश्न तुम्हाला टाळता येणार नाही.

वस्तूंपैकी हजेरीची वही ही मला मराठीतील सत्तेच्या कल्पनाबंधांत सर्वांत जास्त वजनाची वाटते. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने जन्मावरून माणसांना गुन्हेगार ठरवले, त्यांची नोंद ठेवली, हजेरी लावली. हा कायदा देशभरात रद्द व्हायला १९५२ साल उजाडले. विभावरी शिरूरकर, म्हणजे मालतीबाई बेडेकर, यांनी सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये, म्हणजे अशा जमातींसाठीच्या बंदिस्त वसाहतीत, काम केले होते आणि त्या तारेच्या कुंपणाआडचे जग त्यांनी ‘बळी’ या १९५० च्या कादंबरीत आणले. अण्णा भाऊ साठे यांच्या ‘फकिरा’तही हजेरी आहे, पण तिथे ती बंडाला पेटवणारी ठिणगी आहे. एकच वस्तू एका कादंबरीत माणसाला आतून पोखरते आणि दुसरीत त्याला उभे करते; दोन कादंबऱ्यांची तुलना करायची तर अशी करावी. कुंपणाच्या आत जगलेल्याला कुंपणाबाहेर कसे वाटते, हा ‘बळी’ वाचताना मनात येणारा प्रश्न बंगईसमोरच्या सालदाराला लावून पाहा, म्हणजे मी कशाबद्दल बोलतो आहे ते अधिक स्पष्ट होईल.

वस्तूंनंतर भाषा. मराठी लेखकाला एक सोय आपोआप मिळते, ती म्हणजे अरे-तुरे आणि अहो-जाहो. कोण कोणाला कसे हाक मारतो याची नोंद ठेवली तर घराची सगळी उतरंड कागदावर येते. मालगुजार आपल्याहून पंधरा वर्षांनी मोठ्या सालदाराला ‘अरे’ म्हणतो. सालदार मालगुजाराच्या पाच वर्षांच्या मुलाला ‘धाकले मालक’ म्हणतो. हे सगळ्यांना दिसते. पण माझ्या रचलेल्या कादंबरीत आणखी एक जागा आहे. नागपुरात कॉलेज शिकून आलेला धाकटा मुलगा सालदाराला एक दिवस ‘तुम्ही बसा’ म्हणतो, आणि सालदार घाबरतो. आपल्याला कामावरून काढणार म्हणून हे गोड बोलणे चालले आहे, असे त्याला वाटते आणि त्या रात्री तो जेवत नाही. मुलाच्या मनात समता आहे, पण संबोधन बदलण्याचा अधिकारही त्याच्याच हातात आहे, सालदाराच्या नाही. उदारपणातही नियंत्रण कसे टिकून राहते ते अशा जागी कळते.

याच अंगाने क्रियापदेही तपासा. ‘तिचे लग्न ठरले’, ‘बोलणे झाले’, ‘जमीन गेली’, ‘शाळा सुटली’, अशा वाक्यांत कर्ता नसतो. मराठीत ही रचना इतकी सहज येते की वाचकाला तिच्यात काही लपले आहे असे वाटत नाही. पण कादंबरीत पुरुषांच्या निर्णयांना कर्ते असतील (‘त्याने शेत विकले’) आणि बायकांच्या आयुष्यातील घटनांना नसतील, तर लेखकाने, जाणून वा अजाणता, सत्तेचे चित्र वाक्यरचनेत उतरवले आहे. असा एक उतारा निवडून त्याचे ओळीवार विश्लेषण केलेत तर परीक्षकाला दहा पाने सिद्धान्तांपेक्षा ते जास्त पटेल.

तिसरी जागा म्हणजे वाट पाहणे. कोण कोणासाठी थांबतो हा सत्तेचा सर्वांत साधा आणि सर्वांत कमी तपासलेला पुरावा आहे. नागपूरकरांना हे वेगळे सांगायला नको. १९५३ च्या नागपूर कराराच्या वारशाने दर हिवाळ्यात विधिमंडळाचे अधिवेशन इथे भरते आणि ते काही दिवस सिव्हिल लाइन्समध्ये सत्ता अक्षरशः रस्त्यावर पाहायला मिळते. मंत्र्यांचा मुक्काम असलेल्या रवी भवनाच्या फाटकापाशी, प्लास्टिकच्या पिशवीत निवेदनाच्या प्रती घेतलेला माणूस सकाळपासून उभा असतो. साहेब बैठकीत आहेत असे त्याला सांगितलेले असते. मंत्र्यांची गाडी आत नाही हे त्याला दिसते आहे, तरीही तो शेजारच्याशी बोलताना आवाज खाली ठेवतो आणि पिशवी सरळ करत राहतो. त्याला कोणीही गप्प राहायला सांगितलेले नाही. कादंबरीकाराला मोर्चा आणि लाठीमार लिहिण्यापेक्षा हा खाली आलेला आवाज लिहिणे अवघड आहे. फ्रान्झ काफ्काने तो लिहिला. त्याच्या मृत्यूनंतर १९२५ मध्ये आलेल्या ‘खटला’ या कादंबरीत योसेफ के.ला चौकशीसाठी रविवारी यायला सांगतात, वेळ सांगत नाहीत. तो आपल्या मनानेच नऊ वाजताची वेळ ठरवतो, पत्ता शोधत धावपळ करतो, आणि पोचल्यावर त्याला ऐकवले जाते की तू एक तास पाच मिनिटांपूर्वी यायला हवे होतेस. न दिलेला हुकूम पाळायला निघालेला माणूस आणि तरीही गुन्हेगार ठरलेला माणूस, दोन्ही एकाच प्रसंगात.

आता तुमच्या वर्गमित्राच्या आक्षेपाकडे वळतो. राजकीय कादंबरी वाईट विषय आहे असे माझे म्हणणे नाही. या शहरात ‘तरुण भारत’चे संपादक असलेल्या ग. त्र्यं. माडखोलकरांनी राजकीय कादंबऱ्या लिहिल्या, आणि मूळचे परतवाड्याचे, २००७ च्या नागपूर साहित्य संमेलनाचे अध्यक्ष राहिलेले अरुण साधू यांची १९७७ ची ‘सिंहासन’ तर आपल्याकडचा या विषयावरचा मापदंडच झाली आहे. पण ‘सिंहासन’ नीट वाचली तर तीही माझ्याच बाजूने साक्ष देते. तिच्यातील मुख्यमंत्री हा सर्वांत मोकळा माणूस नाही. माझ्या वाचनात तो सर्वांत जास्त बांधलेला माणूस आहे, कारण खुर्ची टिकवण्यासाठी त्याला प्रत्येकाच्या मनातले ओळखत राहावे लागते. आणि दिगू टिपणीस हा पत्रकार, ज्याच्यापर्यंत सगळ्या बातम्या पोचतात, त्याच्या हातात त्या माहितीचे करण्यासारखे फारसे काही नसते. ज्ञान म्हणजे सत्ता असे आपण सहज म्हणून जातो. दिगूकडे पाहिल्यावर ते वाक्य तसेच्या तसे लिहिण्याचा धीर होऊ नये.

व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘सत्तांतर’चा उल्लेख तुमच्या टिपणात आहे. १९८३ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळालेली ही छोटी कादंबरी वानरांच्या टोळ्यांची आहे, आणि ती हातात आली की विद्यार्थी लगेच कोणते वानर म्हणजे कोणता पुढारी याची कोष्टके मांडू लागतात. तसे करू नका. आधी एखाद्या सकाळी रामटेकच्या गडावर जाऊन वानरांची टोळी पाहा: मोठा नर बसलेला असतो आणि बाकीच्यांच्या हालचाली त्याच्या बसण्याभोवती आखलेल्या असतात, तो फारसे काही करत नसतानाही. वानर म्हणून ते पूर्ण कळले तर माणसांविषयी जे कळायचे ते आपोआप कळते. रूपक म्हणून वाचायला घेतले तर दोन्ही हातचे जातात.

प्रतिकाराविषयी एक इशारा. सत्तेवरच्या प्रबंधात प्रतिकाराचे प्रकरण असलेच पाहिजे असा आता रिवाज झाला आहे, आणि त्यापायी विद्यार्थी जिथे बंड नाही तिथेही बंड शोधतात. जेम्स स्कॉट या अभ्यासकाने मलेशियातील भातशेतीच्या एका गावात राहून १९८५ मध्ये एक पुस्तक लिहिले. त्यात त्याने दाखवले की दुबळी माणसे उघड उठाव क्वचितच करतात, ती कामात ढिलाई करतात, न समजल्याचे सोंग आणतात, मागून नावे ठेवतात, थोडे धान्य उचलतात. धानाच्या प्रदेशातील तुमच्या कादंबरीला हे निरीक्षण चपखल लागेल. परंतु प्रत्येक ढिलाई म्हणजे प्रतिकार नसतो. कधी माणूस नुसता दमलेला असतो. लेखकाने ती जागा संदिग्ध ठेवली असेल तर तुम्हीही ती संदिग्धच ठेवा.

सिद्धान्तांचे म्हणाल तर मिशेल फुको तुम्हाला टाळता येणार नाही आणि टाळूही नका. १९७५ च्या त्याच्या ग्रंथात जेरेमी बेंथमने अठराव्या शतकाच्या अखेरीस आखलेल्या तुरुंगाचे विवेचन आहे: मधोमध मनोरा, भोवती कोठड्या, आणि मनोऱ्यात पहारेकरी आहे की नाही हे कैद्याला दिसत नसल्यामुळे तो स्वतःच स्वतःवर पहारा ठेवू लागतो. रिकाम्या ओसरीसमोर चपला काढणारा सालदार आणि हा कैदी यांचे नाते उघड आहे. पण एक फरकही आहे, आणि तुमची स्वतंत्र भर तिथेच पडेल. कैद्याला शिक्षेची भीती आहे. सालदाराला आता कसलीच भीती उरलेली नाही. त्याच्या चपला काढण्यात सवय आहे, कदाचित त्या घरी खाल्लेल्या अन्नाची ओढ आहे, आणि आपले सगळे आयुष्य ज्या रीतीत गेले ती पोकळ होती हे नातवासमोर कबूल करण्याची लाजही आहे. फुकोच्या मनोऱ्यात या लाजेला जागा नाही. म्हणून क्रम असा ठेवा की कादंबरीचे वाचन आधी येईल आणि सिद्धान्त नंतर, जिथे वाचन अडते तिथे. पहिल्या प्रकरणात तीस पाने फुको आणि उरलेल्यांत कादंबरीतून त्याच्या साक्षी, असे प्रबंध मी इतके तपासले आहेत की अनुक्रमणिका पाहूनच आतला मजकूर सांगता येतो.

कामाची पद्धत सांगतो. पहिले वाचन पेन्सिलीशिवाय करा. दुसऱ्या वाचनात एकच वस्तू किंवा कृती निवडा, फार तर दोन, आणि ती जिथे जिथे येते तिथे पान, प्रसंग, तिथे हजर असलेली माणसे आणि कोण कोणाच्या आधी हलले एवढेच टिपा. अर्थ लिहू नका. नोंदी पूर्ण झाल्यावर त्या सलग वाचा आणि अर्थ कुठे सरकला ते पाहा. कुठेच सरकला नसेल तर ती वस्तू सोडून दुसरी घ्या. यात वेळ गेला तरी हरकत नाही, कारण चुकीच्या वस्तूवर प्रकरण उभे केले तर ते तोंडी परीक्षेत कोसळते. प्रबंधाची प्रकरणे पात्रांप्रमाणे पाडू नका, ‘मालगुजाराची सत्ता’, ‘सासूची सत्ता’ अशी ओळ लागते आणि प्रत्येक प्रकरण तेच सांगते. वस्तू, संबोधन, वाट पाहणे आणि निवेदन अशी प्रकरणे केलीत तर एकच प्रसंग दोन-तीन प्रकरणांत वेगळ्या बाजूंनी येऊ शकेल, आणि तसा तो यावा.

पार्श्वभूमीसाठी आर. व्ही. रसेल यांनी संपादित केलेले १९०८ चे नागपूर जिल्ह्याचे गॅझेटियर जरूर चाळा आणि भंडारा जिल्ह्याच्या त्याच काळातील गॅझेटियरमध्ये मालगुजार, कुळे आणि तलाव यांविषयी काय आहे ते पाहा. त्यातून घ्यायचे ते प्रस्तावनेच्या चार-पाच पानांत घ्या. पुढे कादंबरी आणि गॅझेटियर यांत कुठे तफावत दिसली, समजा गॅझेटियरमध्ये ज्याला भरपाई म्हटले आहे त्याला कादंबरीतील माणसे वेठ म्हणतात, तर ती लेखकाची चूक म्हणून तळटीपेत टाकू नका. त्या तफावतीला निवेदनाच्या प्रकरणात जागा करा आणि कोणाच्या तोंडून कोणता शब्द येतो ते तिथे तपासा.